लाल प्रत, पक्की प्रत

लंडन, ११ मार्च २०२५

मर्डो,

तुझं कपाट मी उघडलं. तुझी किल्ली पेन्सिलींच्या डब्यात तळाशी होती. पेन्सिली मी सहा वर्षांत वापरून संपवल्या, तेव्हा ती दिसली. तू बेटावर निघून गेलास तेव्हा कपाट उघडू नकोस असं काही म्हणाला नव्हतास. पत्र लिहू नकोस असंही म्हणाला नव्हतास. फोन करू नकोस म्हणालास, आणि मी तो केलेला नाही.

आत कर्जरोख्यांच्या अटींच्या सगळ्या पक्क्या प्रती. कंपनीप्रमाणे लावलेल्या आणि प्रत्येकीच्या समासात तुझी पेन्सिल. मी शोधायला गेले होते ऑस्मंड फेरीजची, आणि मर्डो, जे सापडलं ते मी दहा मिनिटं पुन्हा पुन्हा वाचलं.

तुला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी टुंडेला जसं समजावून सांगितलं तसंच लिहिते. कुठे चुकत असेन तर तुला दिसेल. टुंडे अकिन्लादे तुझ्या खुर्चीवर आला. सौदे तो करतो, वाचन माझ्याकडे. मुलगा पेकहॅमचा, आईवडील लागोसचे. मुलगा म्हणते, पण पंचेचाळीस वर्षांचा आहे. मला 'आंटी' म्हणतो. त्यांच्याकडे ती मान देण्याची रीत आहे, असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. मी अजून खात्री करून घेतलेली नाही.

तर ऑस्मंडचे दोन रोखे बाजारात आहेत. एकाची मुदत २०२७ ला संपते, दुसऱ्याची २०२८ ला. व्याज सारखंच. शंभराच्या रोख्याला सत्तावीसवाला सत्त्याऐंशीला जातो, अठ्ठावीसवाला चौऱ्याऐंशीला. बाजाराचं म्हणणं सरळ आहे: ज्याची मुदत आधी, त्याचे पैसे आधी, म्हणून तो तीन पौंडांनी बरा. स्क्रीनवर दोघांच्या अटींचा जो सारांश येतो, त्यात दोघे जुळे भाऊ दिसतात.

पण तो सारांश लाल प्रतीवरून केलेला आहे. विक्रीपूर्वी जो कच्चा मसुदा वाटतात, ज्याच्या मुखपृष्ठावर लाल अक्षरांत 'यात बदल होऊ शकतो' असं छापलेलं असतं, तो. आणि अठ्ठावीसच्या पक्क्या प्रतीत, पान १४७ वर, जामीनदारांच्या व्याख्येत चार शब्द जास्त आहेत. 'आणि ऑस्मंड हार्बर्स लिमिटेड.' समासात तुझं बारीक अक्षर: 'बंदरं आत आली. शेवटच्या दिवशी. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.'

जहाजं जुनी आहेत, अर्धी गहाण आहेत. ऑस्मंडकडे विकण्यासारखं जे काही आहे ते म्हणजे ती तीन बंदरं. उद्या कंपनी अडचणीत आली तर बंदरांवर हक्क फक्त अठ्ठावीसवाल्यांचा. म्हणजे जग ज्याला धाकटा समजून स्वस्तात विकतंय, घराच्या किल्ल्या त्याच्याच खिशात आहेत.

टुंडेने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ऑस्मंड बुडेल असं तुझं म्हणणं?"

तू मला जे सांगायचास तेच मी त्याला सांगितलं. ऑस्मंड बुडो की तरो, ती आपली पैज नाही. दोन भावांत ज्याची किंमत कमी लावली आहे तो घ्यायचा, जास्त लावली आहे तो उसना आणून विकायचा आणि उतरला की स्वस्तात घेऊन परत करायचा. आपली पैज फक्त दोघांमधल्या फरकावर. घराचं काय व्हायचं ते होवो.

"आंटी," तो म्हणाला, "हे इतकं सोपं असेल तर ते खरं नसणार."

मग त्याने स्वतः पान १४७ तीनदा वाचलं आणि फोन उचलला. आज संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना तीन कोटी साठ लाख पौंडांचा सौदा झाला. कमिटीने मान्य केला, पण कमिटीची प्रमुख म्हणून फिलिपाने जानेवारीत सांगितलं आहे ते बदललेलं नाही. आपल्या डेस्कला जूनअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर काही दाखवलं नाही तर डेस्क बंद. सहा वर्षांपूर्वीच्या खड्ड्यातून आम्ही वर आलोच नाही, असं तिचं मत आहे आणि ते खोटं नाही.

चुकांची भिंत तिथेच आहे, कमिटीच्या खोलीबाहेर. तुझ्या चुकीचं पान काचेच्या चौकटीत, दरवाजाच्या डाव्या हाताला. जाता-येता दिसतं. तेव्हा काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. तू मला एकदा सांगितलंही होतंस. आता ते उगाळून उपयोग नाही.

मला इतकंच कळवायचं होतं की तू बरोबर होतास. बंदरं आत आली आहेत.

हेस्टर


लंडन, २३ एप्रिल

मर्डो,

तिकडे बातम्या पोहोचत असतील. ऑस्मंडने दोन जहाजं बंद ठेवली. दोन्ही रोखे पडले, ते ठीक, पण आपल्याला नको त्या तऱ्हेने पडले. सत्तावीसवाला ब्याऐंशीवर थांबला आणि अठ्ठावीसवाला सत्तरला आला. लोक घाबरले की आधी मुदतीचा रोखा जवळ करतात, उशिराचा फेकून देतात. तीनचं अंतर बाराचं झालं. आज आम्ही बत्तीस लाखांनी खाली आहोत आणि शुक्रवारी कमिटी आहे. सौदा मोडायला सांगतील, आणि तो मोडला की डेस्कही गेलं.

मला पान १४७ बद्दल शंका नाही. वकिलाकडून पत्र आणलं आहे. तरी सगळे मला एकच विचारतात: पक्की प्रत वाचलीस ना? हा प्रश्न इतर कोणत्याही डेस्कला कोणी विचारत नाही. आमच्या नावामागे ती कागदाची गिरणी लागली आहे. लाल प्रतीत लिहिलं होतं की गिरणी विकली तर रोख्यांचे पूर्ण पैसे परत. पक्क्या प्रतीतून ते वाक्य काढलेलं होतं. गिरणी विकली गेली, आपल्याला दमडी मिळाली नाही, आणि एक कोटी दहा लाख पौंड गेले. नव्या माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात भिंतीसमोर उभं करून हे सांगतात.

काल दुपारी टुंडे तुझ्या कपाटासमोर मांडी घालून बसला होता. सगळ्या प्रती चाळल्या त्याने. मग म्हणाला, "आंटी, एक विचारू? रागावू नकोस."

मी म्हटलं, विचार.

"या कपाटात एकसुद्धा लाल प्रत नाही. पक्क्या प्रतीतल्या शाईच्या डागालासुद्धा या माणसाने पेन्सिलीने गोल केलाय. हा माणूस लाल प्रत वाचून एक कोटी दहा लाख घालवेल?"

मी त्याला विचारलं, चहा घेणार का. तो हो म्हणाला. मी चहा करायला गेले आणि बराच वेळ लावला. परत आले तेव्हा तो आपल्या जागेवर बसून काम करत होता. नंतर त्याने तो विषय काढला नाही. तू काढला नव्हतास तसाच.

आई गेल्या वर्षी गेली. केअर होममधली तिची खोली तुला आठवत असेल, एकदा तू मला सोडायला आला होतास. त्या काळात महिन्याचा पगार चुकला असता तर तिला तिथून काढावं लागलं असतं. हे मी का लिहिते आहे, ते मला कळतंय आणि तुलाही कळेल. ते खरं आहे. पण ते कारण नाही.

शुक्रवारी काय बोलायचं ते ठरत नाहीये.

हेस्टर


लंडन, २५ एप्रिल

मर्डो,

बोलले.

खोलीत सातजण होते. टुंडेने आकडे मांडले, मी वकिलाचं पत्र वाटलं. फिलिपाने ते वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिची ती सवय गेलेली नाही. म्हणाली, "हेस्टर, कागद बरोबर असेलही. पण मागच्या वेळीही या डेस्कने पक्की प्रत वाचल्याचं मला याच खोलीत सांगितलं होतं."

मी म्हटलं, "ते डेस्कच्या वतीने मीच सांगितलं होतं. वाचली नव्हती."

माझा आवाज मला वाटला होता तसा फाटला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

मी सांगत गेले. गिरणीचं वाचन माझ्याकडे होतं. मर्डोने पक्की प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाला, लाल आणि पक्की शेजारी ठेवून वाच. मी लाल वाचलेलीच होती. पक्की खणात टाकली. पैसे बुडाल्यावर, फिलिपा, तू याच खोलीत विचारलंस, वाचन कोणाचं? तेव्हा मर्डो माझ्याकडे बघत होता आणि मी कपातल्या चहाकडे बघत होते. त्याने बरीच वाट पाहिली. मग म्हणाला, माझं डेस्क, जबाबदारी माझी. फिलिपा, तू त्याच्याकडून पान लिहून घेतलंस. तो शुक्रवारी गेला आणि मी सोमवारी कामावर आले.

"सहा वर्षं?" फिलिपा म्हणाली.

"सहा वर्षं."

"आणि आजच का? आज तर तुझी खुर्ची आधीच हलते आहे."

"कारण आज तू तोच प्रश्न विचारते आहेस. तेव्हाही मी हो म्हटलं होतं. ते हो खोटं होतं हे सांगितल्याशिवाय आजचं हो तू कशावरून खरं मानशील? त्या दिवसापासून मी एकही लाल प्रत शेजारी पक्की असल्याशिवाय वाचलेली नाही. ऑस्मंडची पक्की मी सबंध वाचली आहे. तीनशे बारा पानं. कुठल्याही पानाचं विचार."

तिने विचारलं नाही. हात पुढे केला, मी प्रत दिली. तुझी प्रत, तुझ्या पेन्सिलीसकट. आणि मग फिलिपा स्ट्रेकरने, जिला एका पानापेक्षा जास्त वाचायला दिलेलं चालत नाही, तिथेच बसून चाळीस मिनिटं ती वाचली. आम्ही बाकीची माणसं ताटलीतल्या बिस्किटांकडे बघत बसलो. मध्येच तिने एकदा 'हे कोणाचं अक्षर?' असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं.

शेवटी म्हणाली, "सौदा राहू दे. बाकीचं तू आणि मी नंतर बोलू. ते सोपं जाणार नाही."

"नसू दे," मी म्हटलं.

लिफ्टमध्ये टुंडे माझ्याकडे न बघता म्हणाला, "आंटी, पुढच्या वेळी असं काही करायचं असेल तर आदल्या दिवशी सांगत जा. बरा शर्ट घालून येईन."

मग तळमजल्यावर दार उघडल्यावर, "त्या चहाचा अर्थ मला तेव्हाच कळला होता," असं म्हणाला आणि पुढे निघून गेला.

मला नोकरीवरून काढू शकतात. काढलं तर ते न्यायाचं होईल. पण तुला सांगते, आज मी नदीच्या काठाने चालत घरी आले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

हेस्टर


लंडन, २२ मे

मर्डो,

आता नीट बसून वाच. चहा घेऊन बस.

ऑस्मंडने हात वर केले. जूनचं व्याज देता येणार नाही म्हणाले आणि रोखेधारकांना परवा वकिलांच्या कचेरीत बोलावलं. फ्लीट स्ट्रीटच्या मागची ती मोठी खोली, जिथे सँडविचेस नेहमी काकडीचे असतात आणि नेहमी उरतात. शंभरेक माणसं. कंपनीचा सल्लागार लॉरिमर म्हणून एक गृहस्थ, आवाज असा की ऐकता ऐकता माणूस सही करून मोकळा व्हावा. त्याने पडद्यावर योजना दाखवली. दोन्ही रोखे एकाच पायरीवर, शंभराला पंचावन्न दोघांनाही, बंदरं कंपनीकडे राहतील. सगळ्यांना सारखं, म्हणून सगळ्यांना न्याय्य.

लोक माना डोलावत होते. सत्तावीसवाले तेवढे कुरकुरत होते, आपल्याला जास्त मिळायला हवं म्हणून.

मी हात वर केला. टुंडेने माझ्या बाजूची खुर्ची थोडी मागे सरकवली. मी तलवार काढणार असल्यासारखी.

मी म्हटलं, "अठ्ठावीसच्या रोख्याचं पान एकशे सत्तेचाळीस वाचून दाखवाल का?"

लॉरिमर हसला. "कुठलं पान म्हणालात? माझ्या प्रतीत एकशे सत्तेचाळीसवर करांची माहिती आहे."

मर्डो, मी सहा वर्षं या वाक्यासाठी जगले असं वाटलं मला. त्याच्यासमोर पडलेल्या प्रतीच्या मुखपृष्ठावरची लाल अक्षरं मला तिसऱ्या रांगेतून दिसत होती.

"कारण तुमच्यासमोर आहे ती लाल प्रत आहे," मी म्हटलं. "विक्रीच्या शेवटच्या दिवशी तीत बदल झाला. पक्की माझ्याकडे आहे. मी वाचते."

आणि वाचलं. ती व्याख्या, आणि ते चार शब्द. 'आणि ऑस्मंड हार्बर्स लिमिटेड.' मी सावकाश वाचलं, जोर कुठे दिला नाही. तू वाचून दाखवायचास तसं.

शंभर माणसांनी एकाच वेळी फोन काढल्याचा आवाज आला. लॉरिमर शेजारच्या वकिलाच्या कानाशी लागला. वकील प्रत उलटीसुलटी करत होता. इतक्यात मागून एक उंच बाई उभी राहिली, युट्रेक्टच्या एका पेन्शन फंडाची. जरा गोंधळून म्हणाली, "ते आम्हीच मागितलं होतं. बंदरं जामीन राहिली तरच घेतो म्हटलं होतं. सगळ्यांना माहीत असेल असं मला वाटलं."

टुंडे इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. जाताना सँडविचेसची अख्खी ताटली घेऊन गेला.

योजना त्याच दुपारी मागे घेतली. बंदरं अठ्ठावीसवाल्यांची. आज सकाळी अठ्ठावीसवाला एक्क्याण्णवला होता आणि सत्तावीसवाला अडतीसला. आम्ही दुपारी दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. दोन कोटी पौंडांच्या वर. गिरणीचा खड्डा बुजला आणि वर जवळजवळ तेवढाच ढीग झाला. टुंडेने सौदा बंद केल्यावर फोन ठेवला, उभा राहिला, कोट घातला, मला वाकून नमस्कार केला आणि परत बसला. त्याची आजी असं करायला लावायची म्हणे. याचीसुद्धा मी खात्री करून घेतलेली नाही.

फिलिपाने चारला बोलावलं. डेस्क राहील म्हणाली. माझ्या या वर्षीच्या बोनसमधली एक पेनीही मला मिळणार नाही, ती त्या सहा वर्षांची शिक्षा. मी म्हटलं ठीक. मग तिने विचारलं, "आणखी काही हवं आहे तुला?"

मी म्हटलं, भिंतीवरचं पान.

तिला लगेच समजलं. नियम तिचाच आहे: ज्याची चूक, त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, एका पानात. म्हणाली, "मर्डोचं उतरवते. तुझं लिहून आण."

तेव्हा तुझं पान उतरलं आहे, मर्डो. खिळा रिकामा आहे. मी स्वतः उतरवलं, काचेवर धूळ नव्हती, कारण सहा वर्षं ती मीच पुसत होते. हे तुला सांगायचं नव्हतं.

माझा मसुदा सोबत जोडला आहे. तुझ्या नावाबद्दल आहे, म्हणून तू वाचल्याशिवाय तो टांगणार नाही. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन. पण मग खिळा रिकामाच राहील आणि फिलिपा मला रोज विचारेल.

हेस्टर


लंडन, २ जुलै

मर्डो,

पाकीट काल आलं. आत पत्र नव्हतं. मी दोनदा झटकून पाहिलं. फक्त माझा मसुदा होता, तू परत पाठवलेला, आणि त्यावर तुझी पेन्सिल.

मी उघडायच्या आधी टुंडे पाकिटावरचा शिक्का वाचून म्हणाला, "बेटावरून आलंय. आंटी, बस आधी."

'कामाच्या गर्दीत' हे तू खोडलंस. बरोबर. त्या आठवड्यात गर्दी नव्हती. 'एक कोटीच्या आसपास' खोडून 'एक कोटी दहा लाख' केलंस. जिथे मी आईच्या केअर होमबद्दल लिहिलं होतं, ती दोन वाक्यं तू हलक्या हाताने खोडलीस, खाली वाचता येतील इतकी हलकी, आणि समासात लिहिलंस, 'हे इथे नको. आई गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. तिच्या खोलीत तिने मला केकचे दोन तुकडे दिले होते, मी एकच खाल्ला, दुसरा खिशात घातला. तिने पाहिलं होतं.'

हे वाचून मी रडले. टुंडे खिडकीकडे बघत होता.

शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं: 'लाल आणि पक्की प्रत शेजारी ठेवून वाच, असं मर्डो गिलीसने मला सांगितलं होतं.' तिथे तू काही खोडलं नाहीस. 'सांगितलं'च्या आधी फक्त एक खूण केलीस आणि वर एक शब्द लिहिलास.

मी स्वच्छ प्रत टाइप करून आणते म्हटलं, तर फिलिपा नको म्हणाली. म्हणाली, भिंतीवर आजवर लागलेल्या पानांत हे पहिलं आहे जे कोणी तरी तपासलंय. तेव्हा ते तसंच टांगलं, खाडाखोडीसकट. खिळा तोच, दरवाजाच्या डाव्या हाताला. खाली माझी सही, वर तुझी पेन्सिल. आज सकाळी नवी माणसं भिंतीसमोर उभी होती आणि त्यांच्यातल्या एकीने वाचता वाचता शेवटी तो शब्द मोठ्याने वाचला आणि हसली.

दोनदा.

बरोबर आहे, मर्डो. दोनदा सांगितलं होतंस.

हेस्टर